सात आकड्यांचे नाव

मार्चमधल्या एका शनिवारी दुपारी हेब्बाळच्या आमच्या पॅथॉलॉजी प्रयोगशाळेतल्या सगळ्या जुन्या नोंदी नव्या संगणक यंत्रणेत चढवून झाल्या. सोमवारी सकाळी पावणेनऊला सोन्नेअण्णा आठवड्याच्या रजेवरून परतले. त्यांनी कपाटाचा एक खण ओढला, पाच-सहा ब्लॉक हातात घेऊन पाहिले आणि विचारले, "शून्यं कुठं गेली?"

खोलीत आम्ही चौघे होतो. प्रश्न कुणालाच कळला नाही.

शस्त्रक्रियेत काढलेल्या गाठीचा तुकडा मेणात बसवून त्याचा छोटा ठोकळा करतात. त्याला ब्लॉक म्हणतात. त्याचे पातळ काप काढून सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात आणि उरलेला ब्लॉक वर्षानुवर्षे जपून ठेवतात, कारण तो पुन्हा कधी लागेल हे सांगता येत नाही. ही कपाटे अण्णांच्या ताब्यात होती. हजेरीपटावर त्यांचे नाव वेगळे होते, पण ते कुणी वापरत नसे. कन्नडमध्ये शून्याला सोन्ने म्हणतात. अण्णा ब्लॉकचा क्रमांक वाचताना एकही शून्य गाळत नसत. ०००००५२ हा क्रमांक ते "सोन्ने, सोन्ने, सोन्ने, सोन्ने, सोन्ने, ऐदु, एरडु" असा पूर्ण वाचत आणि ऐकणाऱ्याने तो पूर्ण लिहून घेईपर्यंत पुढे जात नसत. नुसते "बावन्न" म्हणून ब्लॉक मागणाऱ्याला त्यांनी कधी ब्लॉक दिल्याचे मला माहीत नाही. नव्या डॉक्टरांनाही नाही.

ही सवय खोलीपुरती नव्हती. तारीख लिहिताना पाचच्या आधी शून्य, महिन्याच्या आधी शून्य. घरचा फोन नंबर सांगताना गावाच्या कोडआधीचे शून्य. कँटीनमध्ये कूपनवर तीन आकडे छापलेले असत. कँटीनवाला मंजुनाथ एकदा "हन्नेरडु" म्हणजे बारा असे चारदा ओरडला. ०१२ क्रमांकाचे कूपन हातात धरून अण्णा समोर बसले होते. ते उठले नाहीत.

"अण्णा, तुमचंच आहे ना ते? इडली गार झाली."

"माझ्या कूपनावर सोन्ने हाय. तू दुसऱ्या कुणाला बोलावतोयस."

"तुमच्या सोन्न्यापायी मी एक दिवस हॉटेल बंद करीन बघा," असे म्हणत मंजुनाथने बशी स्वतः आणून टेबलावर आदळली. अण्णांनी शांतपणे चटणी मागितली.

त्यांचे घराणे साडेतीनशे वर्षांपासून इकडचे. कोणत्या तरी फौजेबरोबर आलेले आणि परत न गेलेले. राहायला शहराच्या जुन्या भागात, गवीपुरमला. घरात मराठी, बाहेर कन्नड. मराठी लिहायची वेळ आली तर ते ती कन्नड लिपीत लिहीत. मी बेळगावचा, तिथल्या मराठी दैनिकात चौदा वर्षे उपसंपादक होतो. दैनिक बंद पडल्यावर या प्रयोगशाळेत अहवालांची भाषा तपासायला लागलो. अण्णा मला नावाने हाक मारीत नसत, "बेळगाव" म्हणत. पहिल्या आठवड्यात त्यांनी माझे बोलणे लक्ष देऊन ऐकले आणि निष्कर्ष दिला, "बेळगाव, तुमचं मराठी छापल्यासारखं हाय. आमचं शिजवल्यासारखं."

क्रमांकाला सात आकडे त्यांनीच ठरवले होते. हे मी आमच्या मुख्य पॅथॉलॉजिस्टकडून ऐकले आहे. त्यांना सगळे डॉक्टर मॅडम म्हणत. अकरा वर्षांपूर्वी प्रयोगशाळा सुरू झाली तेव्हा त्यांनी अण्णांना एका जुन्या रुग्णालयातून बोलावून घेतले. पहिल्या ब्लॉकवर ०००००००१ लिहायला निघालेले अण्णा मॅडमनी सांगितल्यावर एका शून्याने मागे आले. सातच्या खाली मात्र ते आले नाहीत. चार आकडे पुरतील, असे मॅडमचे म्हणणे होते. अण्णांनी विचारले, "दहा हजाराला लॅब बंद करणार काय, मॅडम?"

नंतर शहराबाहेर होसकोट्याला शाखा निघाली. तिथल्या तंत्रज्ञाने १ पासून सुरुवात केली. शून्ये नाहीत, पुढे अक्षर नाही. अण्णा तेव्हा बसने होसकोट्याला जाऊन त्याच्याशी भांडून आले होते. उपयोग झाला नाही. काही वर्षांनी ती शाखा बंद झाली आणि तिचे ब्लॉक आमच्याकडे आले. अण्णांनी त्यांना वेगळे कपाट दिले. त्यामुळे आमच्याकडे ०००४१२६ हा एक माणूस होता आणि ४१२६ हा दुसरा. अण्णा असतील तोवर त्यात कुणाचा गोंधळ होणे शक्य नव्हते.

मार्चमध्ये पुतणीच्या लग्नासाठी अण्णांनी आठवडाभर रजा घेतली. नव्या यंत्रणेचे काम नेमके त्याच आठवड्यात झाले. सगळ्या नोंदींची एक फाइल करण्यात आली. तिच्यावरून नव्या चिठ्ठ्या छापून प्रत्येक ब्लॉकवर चिकटवण्यात आल्या आणि दोन्ही कपाटांतले ब्लॉक क्रमाने एकत्र लावण्यात आले. काम करणाऱ्या कंपनीचा प्रमुख निखिल नावाचा पुण्याचा तरुण होता. हुशार, नम्र, कायम घाईत.

"काका, लीडिंग झीरोज गेलेत फक्त," तो सोमवारी म्हणाला. "व्हॅल्यू सेमच आहे ना. फोर वन टू सिक्स इज फोर वन टू सिक्स."

"काका नको, अण्णा म्हण. आणि हा नंबर नव्हे रे, नाव हाय. नावाची व्हॅल्यू काढतात काय?"

"पण सिस्टिमनं डुप्लिकेट्सपण काढलेत, अण्णा. डेटा क्लीन झालाय उलट."

अण्णांनी हातातला ब्लॉक खाली ठेवला. "कुठले डुप्लिकेट?"

निखिलने दाखवले. जिथे एकाच क्रमांकाच्या दोन नोंदी सापडल्या, तिथे यंत्रणेने एक ठेवून दुसरी काढून टाकली होती. ०००४१२६ आणि ४१२६ तिच्या लेखी एकच होते. अण्णांनी चष्मा लावून यादी खालपर्यंत वाचली. मग म्हणाले, "माणसं झाडून काढलीस आणि क्लीन म्हणतोस."

मंगळवारी कारण सापडले. मूळ फाइलमध्ये शून्ये होती. ती यंत्रणेत चढवण्यापूर्वी रुग्णांच्या नावांचे शुद्धलेखन तपासण्यासाठी माझ्याकडे आली होती. मी ती संगणकावरच्या तक्त्यात उघडली, नावे दुरुस्त केली आणि जतन केली. तक्त्याने क्रमांकाच्या रकान्याला संख्या समजून पुढची शून्ये उघडतानाच टाकून दिली होती. त्या रकान्याकडे मी पाहिले नव्हते. जुना संगणक भाड्याचा होता. तो शनिवारी पुसून परत गेला होता. राखीव प्रत म्हणून ठेवलेली फाइल माझ्या दुरुस्तीनंतरची होती.

"लास्ट सेव्ह सरांच्या लॉगिननं आहे," एवढेच निखिल म्हणाला. आवाज त्याने शक्य तितका खाली ठेवला होता.

डॉक्टर मॅडमनी माझ्याकडे पाहिले. मी होय म्हणालो. जेवताना अण्णांनी माझ्या ताटात आपल्या डब्यातले चित्रान्न, म्हणजे फोडणीचा लिंबूभात, वाढले आणि म्हणाले, "पेपरात होता ना तुम्ही. नाव चुकलं की माणूस दुसऱ्या दिवशी भांडायला येतो. खरं हाय की नाही?"

"खरं आहे."

"नंबर चुकला तर भांडायला कोण येणार, बेळगाव? त्याचं तर सगळंच गेलेलं असतं."

बुधवारी सकाळी सुवर्णा आली.

ती निपाणीकडची, वय त्रेचाळीस, बोम्मसंद्र्याच्या एका कारखान्यात पॅकिंगला. नऊ वर्षांपूर्वी तिच्या स्तनातली गाठ काढली होती आणि त्या गाठीची तपासणी आमच्याकडे झाली होती. आता फुप्फुसात डाग दिसला होता. डाग मोठ्या रक्तवाहिनीला लागून होता. सुई घालून तुकडा काढणे धोक्याचे होते. तिच्या डॉक्टरांना जुना ब्लॉक हवा होता. त्याच्यावर एक नवी तपासणी करून कोणते औषध चालेल ते ठरणार होते. त्यांची बैठक शुक्रवारी होती. तोपर्यंत ब्लॉक मिळाला नाही, तर सोमवारी सुई घालायची, असे तिच्या चिठ्ठीत लिहिले होते. जुना अहवाल घर बदलताना हरवला होता. तिच्याकडे नाव होते आणि साधारण वर्ष.

खिडकीवरच्या मुलीने नाव यंत्रणेत घातले. नोंद नव्हती. तिने आणखी दोनदा पाहिले आणि सांगितले की तुमची तपासणी इथे झालेली नाही. सुवर्णा खिडकीपासून हलली नाही. मी फोनवर मराठीत बोलत तिथून जात होतो. तिने मराठी ओळखली असावी.

"साहेब, ही पोरगी म्हंती हितं तुमचं नावच न्हाई. मग आपरेशन कुणाचं झालं? हा वण कुणाचा म्हनायचा?"

मी तिला अण्णांच्या खोलीत नेले. अण्णांनी स्टूल पुढे केले. "अक्का, स्वल्प बसा. पाणी घ्या. कधी झालं आपरेशन?"

"साल ध्यानात न्हाई बघा नक्की. धाकटी पाचवीत गेलती. शाळा सुरू हून आठवडा झालता. तिच्या वह्यांला पुठ्ठं घालायचं ऱ्हायलं म्हून ती रडत हुती, आन् मी दवाखान्यात."

"आता कितवीत हाय ती?"

"न्हाई, कालेजात हाय आता. बी.कॉमच्या दुसऱ्या वर्षाला."

अण्णांनी बोटांवर मोजले. "नऊ वर्षं. जूनचा दुसरा आठवडा. सरी." सरी म्हणजे ठीक. मग तिला म्हणाले, "उद्या संध्याकाळी फोन करतो. तुम्ही कुठं जाऊ नका, सुई-बिई घेऊ नका."

"मिळंल का, अण्णा?"

"तुम्ही खोटं सांगितलं नसेल तर मिळणार."

"मी कशाला खोटं सांगू?"

"मग झालं की."

हाताने लिहिलेल्या जुन्या नोंदवह्या त्याच शनिवारी होसकोट्याच्या बंद शाखेच्या रिकाम्या जागेत हलवल्या होत्या. गुरुवारी सकाळी आम्ही दोघे बसने निघालो. के. आर. पुरमला बस बदलली. पुतणीच्या लग्नात केसरीबात, म्हणजे केशरी शिरा, कमी पडला, त्यावरून वरपक्षाच्या एका म्हाताऱ्याने काय काय ऐकवले, ते अण्णांनी वाटेत सविस्तर सांगितले. होसकोट्याला कुलूप उघडल्यावर मात्र त्यांनी शर्टाच्या बाह्या वर केल्या आणि कामाची वाटणी केली. "नावं तुम्ही वाचा. नंबर मी बघतो."

वह्यांचे गठ्ठे सुतळीने बांधलेले होते आणि वर्षांचा क्रम लागलेला नव्हता. हवी ती वही अडीच तासांनी सापडली. जूनचे पहिले पान, दुसरे पान. मी नावे वाचत गेलो. अण्णा डोळे मिटून ऐकत होते. अकराव्या पानावर सुवर्णाचे नाव, वय चौतीस, पत्ता निपाणी, डाव्या स्तनातली गाठ. अण्णांनी डोळे उघडले, चष्मा लावला आणि क्रमांकावर बोट ठेवले.

"सोन्ने, सोन्ने, सोन्ने, नाल्कु, ओंदु, एरडु, आरु," ते म्हणाले. "लिहून घ्या. सगळी लिहा."

मी सगळी लिहून घेतली.

हेब्बाळला पोचायला चार वाजले. निखिल दारातच उभा होता. खण उघडला तेव्हा ४१२६ क्रमांकाची छापील चिठ्ठी लावलेले दोन ब्लॉक शेजारी शेजारी निघाले. एक सुवर्णाचा. दुसरा होसकोट्याच्या कुणाचा तरी. त्याची नोंद यंत्रणेत शिल्लक होती. छापील चिठ्ठी दोघांवर सारखीच, आणि वरून दिसायलाही दोन्ही सारखेच. डॉक्टर मॅडम म्हणाल्या, दोन्हींचे काप काढू, उती पाहून कळेल. पण होसकोट्याची नोंदही स्तनातल्या गाठीचीच होती.

"आता कसं ओळखणार?" निखिलने विचारले.

अण्णांनी कापसाचा बोळा झायलीनमध्ये बुडवला. ब्लॉक बनवताना हे द्रव्य रोज वापरतात. त्याने शाई निघते, चिठ्ठीचा गोंद सुटतो. पेन्सिल निघत नाही. म्हणून ब्लॉकच्या प्लास्टिकच्या चौकटीवर क्रमांक पेन्सिलनेच लिहायचा असतो. अण्णांनी एका ब्लॉकवर बोळा धरून ठेवला. चिठ्ठीची कड सुटली. नखाने ती हळूहळू सोलून काढली. खाली ४१२६ होते. फक्त चार आकडे, तिरपे, घाईत लिहिलेले.

"होसकोटे," अण्णा म्हणाले. "तो असंच लिहायचा. गाढव."

दुसऱ्या ब्लॉकवरच्या चिठ्ठीला जास्त वेळ लागला. निखिल वाकून पाहत होता. चिठ्ठी निघाली, गोंदाचा पांढरा थर राहिला. अण्णांनी कोरडा कापूस फिरवला. खाली सातही आकडे होते, सरळ रेषेत, प्रत्येकामध्ये सारखे अंतर.

मग अण्णा निखिलकडे वळले. "आता सांग. व्हॅल्यू सेम काय रे?"

"सॉरी, अण्णा," निखिल म्हणाला.

"सॉरी तिला म्हण. फोन लाव, मला लावता येत नाही ह्या नव्या फोनवरनं."

फोन निखिलनेच लावला. तो सॉरी म्हणाला की नाही ते ऐकू आले नाही, कारण पलीकडून सुवर्णा मोठ्याने बोलत होती आणि तो नुसता "हो मावशी, हो मावशी" म्हणत होता.

शुक्रवारी सकाळी मॅडमनी काप तपासून ब्लॉक रुग्णालयाकडे पाठवला. सोमवारची सुई रद्द झाली. त्याच दिवशी निखिलने यंत्रणेतल्या क्रमांकाच्या रकान्याचा प्रकार बदलला. तिथे आता संख्या नाही, अक्षरे साठतात. होसकोट्याच्या क्रमांकांपुढे त्याने एक अक्षर लावले. पण गेलेल्या नोंदी वह्यांवरून हातानेच परत भराव्या लागणार होत्या आणि चिठ्ठ्या एकेक सोलाव्या लागणार होत्या. अण्णा जूनअखेर निवृत्त होणार होते. तीन महिने ते रोज साडेआठला येऊन कापूस आणि झायलीन घेऊन बसत. मी दुपारी दोन तास वही वाचून दाखवायला जात असे. माझ्या फाइलचा विषय त्यांनी पुन्हा काढला नाही. एकदाच, मी एक नाव वाचताना अडखळलो तेव्हा म्हणाले, "सावकाश वाचा. घाई तुम्ही मार्चमध्ये केली, तेवढी पुरे."

जुन्या ब्लॉकवरच्या तपासणीचा निकाल अकराव्या दिवशी आला. औषध लागू पडण्यासारखे होते. एप्रिलमध्ये ते सुरू झाले.

निवृत्तीच्या दिवशी अण्णांनी समारंभ नको म्हणून सांगितले. मॅडमनी शाल दिली, ती त्यांनी घेतली. तीन खण सोलायचे राहिले होते. ते कोणते, हे त्यांनी एका कागदावर लिहून माझ्या हातात दिले आणि संध्याकाळी नेहमीच्या बसने गेले. ते खण मी आणि निखिलच्या दोन माणसांनी जुलैत पूर्ण केले.

त्यानंतर दर सोमवारी सकाळी त्यांचा फोन येत असे. प्रश्न एकच. "बाई कशी हाय?" सुवर्णा दर तीन आठवड्यांनी औषध घ्यायला शहरात येई आणि जाताना आमच्या खिडकीशी थांबून कागद दाखवून जाई. त्यामुळे मला सांगता येत असे. पहिले काही आठवडे सांगण्यासारखे विशेष नव्हते. उलट्या होत होत्या, केस गेले होते. ऑगस्टच्या स्कॅनमध्ये डाग अर्ध्यावर आला होता. मी अण्णांना दोन्ही मापे वाचून दाखवली. त्यांनी ती परत म्हणायला लावली आणि लिहून घेतली. "सरी," ते म्हणाले. "सरी सरी." फोन ठेवायला त्यांनी नेहमीपेक्षा उशीर केला.

नोव्हेंबरच्या तिसऱ्या सोमवारी फोन आला नाही. मी लावला तेव्हा त्यांच्या पत्नीने उचलला. अण्णा आदल्या रात्री झोपेत गेले होते. डॉक्टर मॅडम, मंजुनाथ आणि मी दुपारी गवीपुरमला गेलो. निखिल तेव्हा पुण्याला होता. त्याला मी कळवले.

नोव्हेंबरपासून सुवर्णाला औषध बोम्मसंद्र्यातच मिळू लागले होते, त्यामुळे ती त्यानंतर थेट जानेवारीत आली. नवा स्कॅन झाला होता. तिने कागद खिडकीतून आत दिला आणि म्हणाली, "अण्णांना आज मीच फोन करते. नंबर द्या."

मी तिला बाहेर येऊन सांगितले. ती बाकावर बसली. तिने विचारले, "मागल्या बारीच्या स्कॅनचं त्यांना कळलं हुतं का?"

कळले होते, असे मी सांगितले. मग स्कॅनचा कागद वाचला. डाग ऑगस्टपेक्षा लहान होता. नवा कुठे दिसत नव्हता. तिने कागद घडी करून पर्समध्ये ठेवला आणि घड्याळ पाहिले. डिसेंबरपासून ती पुन्हा कामावर जाऊ लागली होती. त्या दिवशी तिची दुपारची पाळी होती, दोनपासून. ती साडेअकराच्या बसने बोम्मसंद्र्याला गेली.